नवीन क्लच सेट घातल्यावर पेडल तळाला जातंय: जुनी क्वालिस, खालचा सिलिंडर बदलू की किट घालू?

कुर्टीची, फोंडा

नमस्कार. आमच्या घरी २००४ ची क्वालिस आहे, २.४ डिझेल, जीए-०५ पासिंगची. बाबांनी पहिल्यापासून एका हाती वापरलेली. मार्चमध्ये क्लच घसरायला लागला म्हणून एका गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असा पूर्ण सेट घातला. जूनपर्यंत गाडी छान चालली.

पाऊस लागला आणि दुखणं सुरू झालं. सकाळी पहिल्यांदा पेडल दाबलं की अर्ध्यापर्यंत पोकळच जातं. पंप केलं की कडक होतं, मग गिअर पडतो. रिव्हर्स तर कर्रर्र केल्याशिवाय पडतच नाही. परवा बाणस्तारी पुलाजवळ रांगेत पहिल्या गिअरमध्ये पेडल दाबून थांबले होते आणि गाडी आपोआप पुढे सरकायला लागली. ब्रेकवर पाय होता म्हणून निभावलं. तेव्हापासून बाबांनी चावी काढून ठेवली आहे.

बॉनेटखाली क्लचची छोटी बाटली आहे, तिच्यातलं ऑईल कमी होतंय. भरलं की आठवड्याभरात पुन्हा खाली. ज्यांनी क्लच घातला ते म्हणतात की बेअरिंग खराब निघालं असेल, गिअरबॉक्स परत उतरवावा लागेल. दुसरे एक मेस्त (मेकॅनिक) म्हणाले खालच्या सिलिंडरचं, म्हणजे गिअरबॉक्सजवळ ऑईलच्या दाबाने क्लच सोडवतो त्याचं, रबर गेलंय, आतल्या रबरांचं किट घातलं की झालं. तिसऱ्यांचं म्हणणं, वरचा (पेडलजवळचा) आणि खालचा दोन्ही बदला. तिघांनाही पैसे मोजायला हरकत नाही, पण नेमकं काय झालंय ते कळल्याशिवाय गाडी उघडायला द्यावीशी वाटत नाही. बाबांना हाताने काम करायची आवड आहे, पाने आहेत, अंगणात जागा आहे. खालचा सिलिंडर घरी बदलता येईल का? श्रावणात आईला बेळगावला मावशीकडे न्यायचंय, चोर्ला घाटातून.

सुमोवाला, मडगाव

गिअरबॉक्सला कोणालाही हात लावू देऊ नका. आमच्या सुमोचं हेच झालं होतं. खालच्या सिलिंडरचं किट आणलं, आतलं रबर आणि बाहेरची टोपी बदलली, ऑईलमधली एअर काढली, काम संपलं. त्यानंतर दोन पावसाळे गेले, थेंब नाही. अख्खा सिलिंडर कशाला घेता? किट पुरे.

मेस्त, डिचोली

बाय, गिअरमध्ये पेडल दाबलेलं असताना गाडी सरकली, म्हणजे ती आता रस्त्यावर काढायची नाही. गॅरेजपर्यंतसुद्धा नाही. बाबांनी चावी काढून ठेवली ते बरोबर केलं.

डिचोलीत आमचं गॅरेज आहे, वडिलांच्या वेळेपासून. खाणी चालू होत्या तेव्हा दिवसभर लाल मातीतून फिरणाऱ्या जीपा आणि सुमो आमच्याकडे यायच्या. आता क्वालिस, बोलेरो, जुन्या इनोव्हा येतात. क्लचच्या हायड्रॉलिकची कामं आमच्याकडे सगळ्यात जास्त पावसाळ्यात येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाटलीतलं ऑईल कमी होतंय, यातच अर्धं उत्तर आहे. ब्रेकची लेव्हल काळानुसार थोडी खाली जाते, कारण पॅड झिजतात आणि कॅलिपरचे पिस्टन बाहेर येऊन राहतात. क्लचचं उलटं असतं. प्लेट झिजते तशी प्रेशर प्लेटची बोटं मागे येतात, फोर्क (बेअरिंग ढकलणारा काटा) मागे ढकलला जातो, खालच्या सिलिंडरचा पिस्टन आत आत सरकतो आणि तिथलं ऑईल वर बाटलीत परततं. म्हणजे क्लचच्या बाटलीची लेव्हल वर्षानुवर्षांत कणभर वाढली तर वाढेल. नवीन सेट घातल्यावर एकदाच थोडी उतरते, पिस्टन पुढे येतो म्हणून. त्यानंतर दर आठवड्याला उतरायचं काही कारण नाही. उतरतेय म्हणजे बाहेर जातेय. बेअरिंग खराब असतं तर पेडल दाबल्यावर आवाज आला असता, पायाला थरथर लागली असती. ऑईल संपलं नसतं. क्वालिसचा खालचा सिलिंडर बेलहाउसिंगच्या (क्लचवरच्या कवचाच्या) बाहेर दोन बोल्टांवर बसलेला असतो. तो बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.

आता, सगळं नवीन घातल्यावरच हे का सुरू झालं? लोक गॅरेजवाल्यावर चिडतात, पण कारण वेगळं आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे. जुनी प्लेट झिजत गेली तशी पिस्टनची ये-जा सिलिंडरच्या आतल्या बाजूला होऊ लागली. तोंडाकडचा भाग वापरात राहिला नाही. रबरी टोपीच्या फटीतून तिथे धूळ जाते, ओल जाते, आणि आपल्या हवेत ओल किती असते ते सांगायला नको. सिलिंडर लोखंडी असेल तर त्या पट्ट्यावर गंज धरतो, अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर पांढरी खार चढते. नवीन प्लेट बसली की फोर्क पुढे येतो आणि पिस्टन नेमका त्याच खराब पट्ट्यावर काम करू लागतो. रबराची धार कानसेवर घासल्यासारखी झिजते. थोड्याच महिन्यांत ऑईल पाझरायला लागतं. म्हणून आमच्याकडे कोणी क्लच सेट घालायला आलं की गिअरबॉक्स खाली असतानाच मी हा सिलिंडर उघडून मालकाला दाखवतो. बाहेर काढायचा असतोच, मग आत बघायला कितीसा वेळ लागतो?

उघडण्याआधी खात्री करून घ्या. गाडीखाली जाऊन खालच्या सिलिंडरची रबरी टोपी बोटाने किंचित बाजूला करा. आतून ऑईल ओघळलं तर तिथलं रबर गेलंय. मग ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचला आणि क्लच पेडलचा दांडा जिथे पुढच्या पत्र्यातून आत येतो तिथे कपडा फिरवा. तिथे ओलं असेल तर वरचा मास्टर सिलिंडर गळतोय. पावसात मॅट तशीही ओली असते, तेव्हा वास घ्या, चिकटपणा बघा. क्लचमध्येही ब्रेक ऑईलच असतं, ते बोटांना निसरडं लागतं आणि रंग उकलवतं, पाण्याने तसं होत नाही. तिसरी जागा दोघांमधला रबरी पाईप आणि त्याचे जोड.

कुठेच ओलं नसेल, लेव्हलही उतरत नसेल आणि तरी पेडल धरून ठेवल्यावर हळूहळू खाली बसत असेल, तर मास्टरच्या आतलं रबर ऑईल मागे सोडतंय असं समजायचं. तुमच्या गाडीत लेव्हल उतरतेय, म्हणून माझी पहिली शंका खालच्यावर. पण मास्टरलाही तेवढीच वर्षं झाली आहेत, तो लक्षात असू दे.

किट की अख्खा सिलिंडर, याचं उत्तर बोअरमध्ये, म्हणजे पिस्टन फिरतो त्या आतल्या पोकळीत असतं. पिस्टन काढा, आतली भिंत स्वच्छ पुसा आणि नख फिरवून बघा. नख कुठेही अडलं नाही तर किट घाला, सुमोवाल्या भाईंसारखं वर्षानुवर्षं चालेल. त्यांचं बोअर चांगलं राहिलं असणार. नख अडलं, खड्डे दिसले, तर नवीन रबर त्याच खड्ड्यांवर फाटणार आणि तुम्ही पुन्हा गाडीखाली जाणार. पॉलिश पेपरने डाग निघतो, खड्डा निघत नाही. खड्डा जाईपर्यंत घासलं तर बोअर मोठं होऊन रबर सैल बसतं. वीस वर्षं आपल्या हवेत काढलेल्या गाडीला मी अख्खा नवीनच घालतो.

घरी जमेल का? बाबांना पान्याची सवय असेल तर जमेल. पण गाडी उचलण्याबद्दल कळकळीने सांगतो. आपल्याकडे अंगणात जांभ्या दगडाचे चिरे पडलेले असतात आणि लोक तेच गाडीखाली लावतात. लावू नका. चिरा भिंतीत भार घेतो, पण एका कोपऱ्यावर वजन आलं की भुगा होतो, पावसात भिजलेला तर आणखी लवकर. लोखंडी घोडे (जॅक स्टँड) वापरा, त्यांच्याखाली जाड फळी ठेवा कारण या दिवसांत माती मऊ असते, मागच्या चाकांना अडसर लावा. फक्त जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली जायचं नाही.

आदल्या संध्याकाळी पाईपच्या नटावर आणि निपलवर (एअर काढायच्या छोट्या स्क्रूवर) गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. पाईपच्या नटाला साधा ओपन पाना लावू नका, कोपरे जातात आणि मग तांब्या-लोखंडाच्या त्या बारीक पाईपलाच पीळ पडतो. फ्लेअर नट पाना आणा, तो नटाला जवळजवळ सगळीकडून धरतो. आधी पाईपचा नट सैल करा, सिलिंडरचे दोन बोल्ट त्यानंतर. सुटा सिलिंडर हातात धरून नट फिरवायला गेलात तर फिरणार नाही. सिलिंडर सुटलेला असताना कोणीही पेडल दाबायचं नाही, पिस्टन गोळीसारखा बाहेर येतो.

आतल्या कुठल्याही भागाला डिझेल, पेट्रोल, इंजिन ऑईल किंवा साधं ग्रीस लावायचं नाही. हे रबर त्यांनी फुगतं आणि कामातून जातं. धुवायचं ते ब्रेक ऑईलने, बसवताना लावायचं तेही ब्रेक ऑईल. बाटलीच्या झाकणावर जो डॉट नंबर (ब्रेक ऑईलचा प्रकार) लिहिलाय तोच आणा. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं, डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते यात कधीच नाही. बॉडीवर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता, नाहीतर रंग निघेल.

उघडून बघा आणि कळवा.

कुर्टीची, फोंडा

काका, खूप आभार. काल बाबांनी आणि मी उघडलं. टोपी सरकवताच चहासारखं तपकिरी ऑईल बाबांच्या मनगटावरून ओघळलं. आत तोंडाजवळ बोटभर रुंदीचा गंजाचा पट्टा आहे, नख सरळ अडतं, आणि तुम्ही सांगितलं तसा आतला भाग आरशासारखा आहे. बाबा तो सिलिंडर हातात घेऊन बराच वेळ बघत बसले. वरती मॅटखाली कोरडं आहे.

दोन अडचणी. रबरी पाईपला टोकाच्या लोखंडी क्रिंपिंगजवळ बारीक भेगा आहेत, पण ओलं नाही. बदलावा का? आणि दुकानदाराने जो सिलिंडर दिला त्याचा दांडा जुन्यापेक्षा आखूड वाटतोय. तो म्हणतो सगळ्यांना हाच बसतो.

वाळपईचा

मेस्त सांगतीलच, मी ऑईलबद्दल थोडं लिहितो. ते तपकिरी झालं म्हणजे त्यात रबराचा भुगा, गंज आणि पाणी तिन्ही आहे. ब्रेक ऑईल हवेतली ओल ओढून घेतं. डॉट ३ कोरडं असताना २०५ अंशांना उकळतं, ओल धरल्यावर त्याची हमी १४० वर येते. क्लचमध्ये उष्णतेपेक्षा गंजाचा त्रास मोठा, कारण तेच पाणी आतून भिंत खातं. सत्तरी तालुक्यात आमच्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातले कपडेसुद्धा वाळत नाहीत, तिथे उघडी बाटली टिकणार नाही. म्हणून लहान सीलबंद डबा घ्या, उरलेलं पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. दर दोन वर्षांनी ब्रेकबरोबर क्लचचंही ऑईल बदलून घ्या. ब्रेकचं करतात आणि क्लचचं विसरतात.

जुनं ऑईल अंगणात ओतू नका. फोंड्याला बऱ्याच घरांना विहीर असते. बाटलीत भरून गॅरेजच्या जळक्या ऑईलच्या पिंपात द्या.

मेस्त, डिचोली

पाईप बदला, भेगा बाहेर दिसतायत तर आत काय असेल सांगता येत नाही. जुना पाईप दोन तऱ्हेने त्रास देतो. बाहेरून मऊ झाला तर पेडल दाबल्यावर फुगतो आणि तुमच्या पायाचा अर्धा जोर त्या फुगण्यात जातो. आतून पापुद्रा सुटला तर ऑईल खाली जातं, परत येत नाही, आणि क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो. मग नवीन प्लेट जळते. जोडावर तांब्याचे वायसर असतील तर तेही नवे घाला.

दांड्याच्या बाबतीत दुकानदाराचं ऐकू नका. जुना सिलिंडर घेऊन जा आणि काउंटरवर शेजारी शेजारी ठेवा. दांड्याची लांबी, बोल्टांच्या भोकांमधलं अंतर, पाईपच्या भोकाची बाजू आणि कास्टिंगवर कोरलेला बोअरचा आकडा, चारही जुळलं पाहिजे. आकडा सगळ्यात महत्त्वाचा. बोअर मोठं असेल तर तेवढ्याच ऑईलमध्ये पिस्टन कमी सरकतो, क्लच पूर्ण सुटत नाही आणि रिव्हर्सचं कर्रर्र तसंच राहतं. पुढचे गिअर सिंक्रोमुळे (गिअरांचा वेग जुळवणाऱ्या कड्यांमुळे) कसेबसे पडतात, रिव्हर्सला तो आधार नसतो, म्हणून तक्रार आधी त्याच्याकडून येते. बोअर लहान असेल तर पिस्टन गरजेपेक्षा जास्त सरकतो आणि पेडलही जड लागतं, तेही चांगलं नाही. सगळ्यांना बसतो म्हणणाऱ्याकडून घेऊ नका, दुसरं दुकान बघा.

बसवताना निपल वरच्या बाजूला आणि पाईपचा जोड खाली येतोय ना बघा. उलटं झालं तर हवा वर अडकून राहते आणि दिवसभर पंप केलं तरी निघत नाही. पाईपचा नट आधी हाताने दोन-तीन आटे बसवून घ्या, मग बोल्ट, शेवटी पाना. आटे तिरके बसले तर नवीन सिलिंडर फुकट गेला. दांड्याचं टोक फोर्कच्या खळग्यात नीट बसलंय हे हाताने चाचपून बघा.

एअर काढायला दोघं लागतात. निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक ऑईल असलेल्या बाटलीत बुडलेलं. वरचा माणूस पेडल सावकाश तळाला नेऊन धरतो आणि धरलं म्हणून सांगतो. खालचा निपल पाव आटा उघडतो, बुडबुडे येतात, बंद करतो आणि सोड म्हणतो. निपल बंद झाल्याशिवाय पेडल सोडायचं नाही, नाहीतर हवा परत आत. दर चार-पाच दाबांनी वरच्या छोट्या बाटलीत ऑईल भरत राहा. ती एकदा रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून.

कुर्टीची, फोंडा

दुसऱ्या दुकानात आकड्यासकट जुळणारा सिलिंडर मिळाला. पाईपही बदलला. बुडबुडे थांबले, गळती नाही, रिव्हर्स आवाज न करता पडतो. पण पेडलचा वरचा भाग अजून थोडा पोकळ आहे, पंप केल्यावर क्लच वरती पकडतो. हवा राहिलीय का? बाबा म्हणतात पेडलखालचा दांडा थोडा लांब करून बघू.

मेस्त, डिचोली

दांड्याला आत्ता हात लावू नका. पंप केल्यावर पकड वर येते म्हणजे हवाच आहे. दोन बोल्ट काढून सिलिंडर फोर्कपासून सोडवा, पाईप जोडलेलाच राहू दे. वरच्या बाटलीचं झाकण काढा आणि ती अर्धी ठेवा, कारण ऑईल वर येणार आहे. पाईपचा जोड सगळ्यात उंच राहील असा सिलिंडर हातात धरा, निपल बंद असू दे, आणि अंगठ्याने दांडा सावकाश पूर्ण आत ढकला. वर बाटलीत बुडबुडे येतील. मग दांडा हळूहळू स्प्रिंगच्या जोरावर बाहेर येऊ द्या, पूर्ण सोडून देऊ नका. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करत राहा. पाईपच्या वळणात अडकलेली हवा पेडल मारून निघत नाही, अशी निघते. या वेळात पेडलजवळ कोणी बसायचं नाही. नंतर सिलिंडर बसवून नेहमीसारखी एकदा एअर काढा.

एवढं करूनही पोकळ राहिलं आणि लेव्हल जागेवर असेल, तर सपाट मोकळ्या जागेत, समोर कोणी नसताना, पहिल्या गिअरमध्ये पेडल पूर्ण दाबून, ब्रेकवर पाय ठेवून थोडा वेळ धरा. क्लच पेडल हळूहळू खाली बसायला लागलं किंवा गाडी ओढ घ्यायला लागली तर मास्टर आतून सोडतोय. मग तोही बदला. त्यात किट घालत बसू नका, त्याच हवेत त्यानेही तेवढीच वर्षं काढली आहेत.

पेडलचा दांडा सगळ्यात शेवटी, आणि तोही पोकळी घालवण्यासाठी नाही. तिथे थोडी मोकळीक लागतेच. पेडल बोटाने दाबून बघा, जड लागायच्या आधी साधारण ५ ते १५ मिलिमीटर हलकं सरकलं पाहिजे. ते अंतर संपवलं तर मास्टरचा पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि बाटलीकडे परतीचं बारीक भोक झाकलेलंच राहतं. इंजिन तापलं की ऑईल फुगतं, त्याला वाट मिळत नाही, खालचा पिस्टन आपोआप पुढे सरकतो आणि चढावर क्लच घसरायला लागतो. लोकांना वाटतं प्लेट गेली आणि ते पुन्हा गिअरबॉक्स उतरवतात. मोकळीक बरोबर असेल तर दांडा आहे तसाच ठेवा. कमी-जास्त असेल तर लॉकनट सैल करून अर्धा अर्धा आटा फिरवा, दर वेळी बोटाने मोजा, आणि जमलं की लॉकनट पक्का आवळा.